लिनक्समधील डीएनएस सर्व्हरची स्वयंचलित नोंद

लिनक्समधील डीएनएस सर्व्हरची स्वयंचलित नोंद म्हणजे संगणक एखाद्या नेटवर्कला जोडला जाताच, नावांवरून आयपी पत्ते शोधून देणाऱ्या सर्व्हरचे पत्ते त्या नेटवर्ककडूनच मिळवून कार्यप्रणालीत योग्य जागी लिहून ठेवण्याची व्यवस्था होय. परंपरेने ही जागा म्हणजे '/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ' ही चार-पाच ओळींची साधी मजकूर-फाइल. व्यवस्था सुरळीत असेपर्यंत वापरकर्त्याला तिचे अस्तित्वही जाणवत नाही. ती बिघडली की नेटवर्कची जोडणी शाबूत असूनही संकेतस्थळे उघडत नाहीत, सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या उतरवता येत नाहीत, टपाल थांबते, आणि दोष सहसा इंटरनेट सेवा पुरवणाऱ्यावर ढकलला जातो. हाताने केलेली दुरुस्ती संगणक पुन्हा सुरू केल्यावर नाहीशी होणे, ही या बिघाडाची सर्वांत परिचित खूण आहे.

पार्श्वभूमी

अर्पानेटच्या काळात सर्व संगणकांची नावे व पत्ते 'होस्ट्स.टीएक्सटी' या एकाच फाइलमध्ये नोंदलेले असत. कॅलिफोर्नियातील एसआरआय या संस्थेतील नेटवर्क माहिती केंद्र ती सांभाळत असे आणि ठिकठिकाणचे प्रशासक तिची प्रत वेळोवेळी उतरवून घेत. संगणकांची संख्या वाढू लागल्यावर ही पद्धत अपुरी पडली. पॉल मोकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये आरएफसी ८८२ व ८८३ या दस्तऐवजांतून डोमेन नेम सिस्टम, म्हणजेच डीएनएस, मांडली. १९८७ साली आरएफसी १०३४ व १०३५ यांनी त्यांची जागा घेतली. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी युनिक्ससाठी 'बाइंड' हा संच लिहिला. त्यात सर्व्हरच्या जोडीला, प्रत्येक प्रोग्रॅमला वापरता येईल असा 'रिझॉल्व्हर' हा भाग होता. रिझॉल्व्ह.कॉन्फ ही या रिझॉल्व्हरची सूचनापत्रिका होय. जुन्या होस्ट्स फाइलचा वारसा '/ईटीसी/होस्ट्स' या रूपाने आजही प्रत्येक लिनक्स संगणकावर टिकून आहे.

त्या काळातील संगणक जागचे हलत नसत. प्रशासक एकदा फाइल लिहीत आणि ती वर्षानुवर्षे तशीच राहे. ती अन्य कोणी लिहील हा विचारच रचनेत नव्हता. डायलअप जोडणी, लॅपटॉप, वायफाय आणि व्हीपीएन आल्यावर एकाच संगणकाचे नेटवर्क दिवसातून अनेकदा बदलू लागले, आणि प्रत्येक नव्या साधनाने या फाइलवर आपला हक्क सांगितला. पुढील बहुतेक अडचणींचे मूळ यातच आहे: फाइल एक, लिहू पाहणारे अनेक.

फाइलचे स्वरूप

फाइलमध्ये मुख्यतः तीन प्रकारच्या ओळी असतात. 'नेमसर्व्हर' या शब्दापुढे एका सर्व्हरचा आयपी पत्ता येतो. 'सर्च' या ओळीत, अपुरे नाव दिल्यास त्याला जोडून पाहावयाची डोमेन नावे असतात. 'ऑप्शन्स' ही ओळ वर्तनाचे बारकावे ठरवते. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत वापरले जाणारे ग्लिबसी हे ग्रंथालय पहिले तीनच सर्व्हर विचारात घेते. चौथी ओळ निमूटपणे दुर्लक्षिली जाते. नेमसर्व्हरची एकही ओळ नसेल, तर त्याच संगणकावर सर्व्हर चालू आहे असे गृहीत धरले जाते.

अनेक सर्व्हर लिहिण्याबाबत एक गैरसमज फार दृढ आहे. पहिल्या सर्व्हरला नाव ठाऊक नसेल तर दुसऱ्याला विचारले जाते, असे समजून कित्येक ठिकाणी पहिला सर्व्हर कार्यालयातील अंतर्गत नावांसाठी आणि दुसरा बाहेरच्या जगासाठी लिहिला जातो. प्रत्यक्षात 'असे नाव अस्तित्वात नाही' हेही एक पूर्ण उत्तर आहे आणि ते मिळताच शोध थांबतो. दुसऱ्या सर्व्हरची पाळी पहिल्याने उत्तरच न दिल्यास, किंवा आपण उत्तर देऊ शकत नाही असे कळवल्यास येते. सर्व नोंदलेले सर्व्हर एकसारखीच उत्तरे देतील, हे या रचनेचे गृहीतक आहे. ते पाळले नाही तर बिघाड अधूनमधून दिसतो आणि पकडण्यास अतिशय कठीण जातो.

वाट पाहण्याचा मूळ अवधी ५ सेकंद असून यादीवरून दोनदा फेरी मारली जाते. ग्लिबसी कोणता सर्व्हर बंद आहे हे लक्षात ठेवत नाही. म्हणून यादीतील पहिला सर्व्हर मेलेला असेल, तर प्रत्येक नव्या नावासाठी ५ सेकंदांचा खोळंबा होतो आणि मग सारे व्यवस्थित चालते. 'इंटरनेट मंद झाले आहे' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण असते. विलंब नेमका ५ किंवा १० सेकंदांचा असणे, हा या संदर्भातील मोलाचा पुरावा मानावा.

पत्ते कोठून येतात

घरगुती वा कार्यालयीन नेटवर्कवर डीएनएस सर्व्हरचे पत्ते प्रामुख्याने डीएचसीपी या संकेतप्रणालीतून मिळतात. तिचा प्रचलित दस्तऐवज, आरएफसी २१३१, मार्च १९९७ मधील आहे. संगणकाला आयपी पत्ता देतानाच राउटर इतर माहितीही पाठवतो. त्यांतील ६ क्रमांकाच्या पर्यायात डीएनएस सर्व्हरचे पत्ते, १५ क्रमांकात डोमेनचे नाव आणि ११९ क्रमांकात शोधयादी असते. मोडेमवरून होणाऱ्या पीपीपी जोडणीत हीच माहिती जोडणीच्या वाटाघाटींत मागून घेतली जाते.

आयपीव्ही६ नेटवर्कमध्ये आणखी एक वाट आहे. राउटर ठरावीक काळाने जे स्वपरिचयाचे संदेश प्रसारित करतो, त्यांतच डीएनएस सर्व्हरचा पत्ता घालता येतो. आरएफसी ८१०६ त्याची व्याख्या करते. लिनक्सचे कर्नेल या संदेशांवरून स्वतःचा पत्ता ठरवू शकते, परंतु डीएनएसची नोंद ते करत नाही. त्यासाठी कर्नेलबाहेरील एखादी सेवा लागते. वापरकर्त्याने आयपीव्ही४ च्या रकान्यात स्वतःच्या पसंतीचा सर्व्हर लिहिला आणि तरीही यादीत राउटरचा अनोळखी, लांबलचक पत्ता डोकावत राहिला, तर तो बहुधा या दुसऱ्या वाटेने आलेला असतो.

फाइलवर हक्क सांगणाऱ्या आज्ञावल्या

आरंभीच्या काळात आयएससीची 'डीएचक्लायंट' ही आज्ञावली पत्ता मिळताच एक स्क्रिप्ट चालवून रिझॉल्व्ह.कॉन्फ नव्याने लिहीत असे. भाडेपट्टीची मुदत वाढवताना मिळणाऱ्या माहितीनुसार फाइल पुन्हा लिहिली जाई, त्यामुळे हाताने केलेला बदल काही तासच टिके. तिच्या स्वतःच्या रचना-फाइलमध्ये 'सुपरसीड' किंवा 'प्रीपेंड' या शब्दांनी आपला सर्व्हर सांगणे हा त्यावरचा अधिकृत उपाय होता. आयएससीने २०२२ मध्ये या संचाची देखभाल थांबवल्याचे जाहीर केले असले, तरी जुन्या यंत्रांवर तो आजही भेटतो.

एकापेक्षा अधिक लेखकांत समेट घडवण्यासाठी डेबियनमध्ये 'रिझॉल्व्हकॉन्फ' हे पॅकेज आले. फाइलचे नाव आणि पॅकेजचे नाव यांत केवळ एका टिंबाचा फरक असल्याने झालेला गोंधळ पुष्कळ आहे. प्रत्येक सेवेने फाइलला हात न लावता आपली माहिती या मध्यस्थाकडे द्यावी आणि त्याने ठरलेल्या अग्रक्रमाने एकत्रित फाइल तयार करावी, ही त्यामागील कल्पना. पुढे रॉय मार्पल्स यांचे 'ओपनरिझॉल्व्ह' हे त्याच धर्तीचे साधन इतर वितरणांतही वापरले जाऊ लागले. सुसे लिनक्समध्ये हेच काम 'नेटकॉन्फिग' करते.

डेस्कटॉपवर नेटवर्कमॅनेजरचे प्राबल्य आहे. रेड हॅटने २००४ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प वायफाय, केबल, मोबाइल व व्हीपीएन या साऱ्या जोडण्या एका छताखाली आणतो. तो स्वतः फाइल लिहितो तेव्हा पहिल्या ओळीत आपले नाव नोंदवतो, ही मोठी सोय आहे. त्याच्या रचना-फाइलमधील 'डीएनएस' या किल्लीला 'नन' हे मूल्य दिल्यास तो रिझॉल्व्ह.कॉन्फला स्पर्श करत नाही. केवळ एका जोडणीपुरता राउटरचा सर्व्हर नाकारावयाचा असल्यास 'इग्नोर-ऑटो-डीएनएस' हा पर्याय असतो. तो आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ साठी स्वतंत्रपणे द्यावा लागतो. एकच दिला आणि दुसरा राहिला, हे फार घडते.

उबुंटूच्या एप्रिल २०१२ मधील १२.०४ या आवृत्तीने वेगळी वाट धरली. तिच्या डेस्कटॉपवर डीएनएसमास्क ही छोटी सेवा पार्श्वभूमीत चालू लागली आणि रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये १२७.०.०.१ हा संगणकाचाच अंतर्गत पत्ता दिसू लागला. खरे सर्व्हर आता फाइलमध्ये नव्हते. फाइल वाचून सर्व्हर ओळखण्याची जुनी सवय येथून निरुपयोगी ठरू लागली.

२०१४ साली सिस्टमडी प्रकल्पात 'सिस्टमडी-रिझॉल्व्हडी' ही सेवा आली आणि हीच कल्पना पुढे गेली. उबुंटूने २०१६ च्या अखेरीपासून ती स्वीकारली. फेडोराने ऑक्टोबर २०२० मधील ३३ व्या आवृत्तीपासून ती मूळ निवड केली. ही सेवा १२७.०.०.५३ या पत्त्यावर प्रश्न ऐकते. तिच्या व्यवस्थेत रिझॉल्व्ह.कॉन्फ ही फाइल नसून '/रन/सिस्टमडी/रिझॉल्व्ह/' या निर्देशिकेतील 'स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फ' या फाइलकडे नेणारा दुवा असतो. त्याच निर्देशिकेत 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' नावाची दुसरी फाइल असते व तीत राउटरकडून मिळालेले खरे सर्व्हर असतात. दुवा या दोहोंपैकी कशाकडे आहे यावर संगणकाचे वर्तन अवलंबून राहते. दुव्याच्या जागी कोणी साधी फाइल ठेवली, तर रिझॉल्व्हडी तिच्यावर लिहीत नाही; उलट तिच्यातील सर्व्हर स्वतःसाठी वाचून घेते.

या सेवेची विशेष गोष्ट म्हणजे ती प्रत्येक जोडणीचे सर्व्हर निरनिराळे ठेवते. कोणत्या डोमेनचे प्रश्न कोणत्या जोडणीने जावेत हे ठरवता येते. डोमेनच्या नावाआधी '~' हे चिन्ह लावल्यास ते नाव शोधयादीत न येता केवळ मार्ग ठरवण्यासाठी वापरले जाते. जुन्या तीन ओळींच्या फाइलला हे शक्यच नव्हते. रिझॉल्व्हडीवरील टीका पुष्कळ झाली आहे आणि तिच्यातील काही भाग योग्यही आहे, परंतु व्हीपीएन वापरणाऱ्या लॅपटॉपसाठी तिची रचना जुन्या पद्धतीहून निःसंशय सरस आहे.

बिघाडाचे निदान

पहिला प्रश्न, बिघाड खरोखर डीएनएसचा आहे का, हा असावा. एखाद्या परिचित सार्वजनिक आयपी पत्त्याला, उदाहरणार्थ २००९ पासून चालू असलेल्या गूगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला, 'पिंग' आज्ञेने प्रतिसाद मिळत असेल आणि नावाने मिळत नसेल, तर संशय डीएनएसवर येतो. पत्त्यानेही प्रतिसाद नसेल, तर आधी जोडणी व राउटरचा मार्ग पाहावा. मात्र काही नेटवर्कांत पिंगचे संदेशच अडवले जातात, हे विसरू नये.

त्रुटीचा संदेश शब्दशः वाचणे हितावह असते. 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्युशन' याचा अर्थ बहुधा कोणत्याही सर्व्हरशी बोलणेच झाले नाही, असा होतो. 'नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन' हा संदेश सहसा उत्तर मिळाले, पण ते नकारार्थी होते, असे सांगतो. पहिल्यात सर्व्हरचा पत्ता चुकीचा किंवा अप्राप्य असण्याचा संभव अधिक. दुसऱ्यात चुकीच्याच सर्व्हरला प्रश्न विचारला जात असण्याचा, अथवा नावच चुकीचे टंकल्याचा.

यानंतर फाइलकडे वळावे, पण तिचा मजकूर वाचण्याआधी ती काय आहे हे पाहावे. 'एलएस -एल' ही आज्ञा रिझॉल्व्ह.कॉन्फ ही खरी फाइल आहे की दुवा, आणि दुवा असल्यास कोठे नेतो, हे दाखवते. दुवा ज्याकडे नेतो ती फाइलच अस्तित्वात नसणे हे बिघाडाचे एक नेहमीचे कारण आहे: रिझॉल्व्हडी बंद केली वा काढून टाकली, '/रन' मधील तिची फाइल पुढच्या वेळी तयारच झाली नाही, आणि दुवा अधांतरी राहिला. '/रन' ही निर्देशिका स्मृतीत असते व संगणक बंद होताच रिकामी होते, त्यामुळे हा दोष पुष्कळदा दुसऱ्या दिवशी उघड होतो. मजकुरातील आरंभीच्या टिपेवरून लेखक कोण ते कळते.

१२७.०.०.५३ हा पत्ता दिसल्यास 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' ही आज्ञा द्यावी. ती प्रत्येक जोडणीनुसार सर्व्हर, सध्या वापरात असलेला सर्व्हर, डोमेने आणि दुव्याची स्थिती दाखवते. २०१८ पूर्वीच्या आवृत्त्यांत हेच काम 'सिस्टमडी-रिझॉल्व्ह --स्टेटस' या आज्ञेने होत असे. नेटवर्कमॅनेजर असल्यास 'एनएमसीएलआय डिव्हाइस शो' या आज्ञेच्या उत्तरात राउटरने दिलेले सर्व्हर दिसतात. दोन्ही उत्तरांची तुलना केली की माहिती वाटेत कोठे हरवते आहे ते स्पष्ट होते: ती राउटरकडून आलीच नाही, की आली पण पुढे पोहोचली नाही.

नाव शोधण्याच्या साधनांत एक महत्त्वाचा भेद आहे. 'डिग', 'होस्ट' आणि 'एनएसलुकअप' ही साधने रिझॉल्व्ह.कॉन्फ वाचून थेट डीएनएस सर्व्हरला विचारतात. इतर बहुसंख्य प्रोग्रॅम मात्र '/ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ' या फाइलमधील 'होस्ट्स' या ओळीने ठरवलेल्या क्रमाने जातात. त्यात होस्ट्स फाइल, स्थानिक नेटवर्कवरील एमडीएनएस, रिझॉल्व्हडी आणि डीएनएस असे टप्पे असू शकतात. म्हणून डिग यशस्वी आणि ब्राउझर अपयशी, हा प्रकार अशक्य नाही. प्रोग्रॅमच्या वाटेनेच जाऊन पाहण्यासाठी 'गेटएंट एहोस्ट्स' ही आज्ञा वापरावी. तिचे व डिगचे उत्तर वेगळे आले, तर सर्व्हर निर्दोष असून दोष एनएसस्विच किंवा होस्ट्स फाइलमध्ये शोधावा लागतो. उलट, ब्राउझर चालतो आणि बाकी काहीच चालत नाही, असेही घडते. काही ब्राउझर एचटीटीपीएसवरून स्वतःच डीएनएसचे प्रश्न विचारतात आणि कार्यप्रणालीची नोंद बाजूला ठेवतात.

डिगला '@' या चिन्हानंतर सर्व्हरचा पत्ता देऊन फाइल पूर्णपणे वगळता येते. राउटरच्या पत्त्याला विचारून उत्तर न मिळणे, पण बाहेरच्या सर्व्हरकडून मिळणे, हे राउटरमधील दोषाचे लक्षण होय. बाहेरचाही गप्प असेल तर ५३ क्रमांकाचे पोर्ट कोणीतरी अडवले असावे. उत्तरातील स्थितीही पाहावी. 'एनएक्सडोमेन' म्हणजे असे नाव नाही. 'रिफ्यूज्ड' म्हणजे तो सर्व्हर या संगणकाला सेवा देण्यास तयार नाही. 'सर्व्हफेल' म्हणजे सर्व्हरला उत्तर काढताना अडचण आली. सर्व्हफेल येत असेल आणि '+सीडी' हा पर्याय जोडल्यावर उत्तर मिळत असेल, तर डीएनएसएसईसीच्या सहीची पडताळणी फसते आहे.

विशेष प्रसंग

हाताने केलेला बदल टिकत नाही म्हणून 'सीएचएटीटीआर +आय' या आज्ञेने फाइल अपरिवर्तनीय करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो तात्पुरता उपयोगी पडतो, पण शिफारस करण्याजोगा नाही. लॅपटॉप दुसऱ्या नेटवर्कवर नेल्यावर जुनाच सर्व्हर राहतो. हॉटेल वा रेल्वे स्थानकातील वायफायचे प्रवेशपान, जे बहुधा तेथील सर्व्हरच्या उत्तरांवरच अवलंबून असते, उघडत नाही. आणि काही महिन्यांनी फाइल का बदलत नाही हे कोणालाच आठवत नाही. शिवाय दुव्यावर ही आज्ञा चालत नाही. बदल त्या फाइलमध्ये न करता तिच्या लेखकाला सांगणे, हाच टिकाऊ मार्ग आहे. उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तीत हा लेखकही शेवटचा नसतो: तेथे नेटप्लॅनच्या यामल फाइलवरून पुढील सेवांची रचना तयार होते, म्हणून दुरुस्ती नेटप्लॅनमध्ये करावी लागते. राउटरचे सर्व्हर नको असल्यास तेथे 'डीएचसीपी४-ओव्हरराइड्स' या विभागात 'यूज-डीएनएस' बंद करतात.

व्हीपीएनच्या बाबतीत बिघाड दोन दिशांनी होतो. एकात व्हीपीएन जोडल्यावर अंतर्गत नावे सापडत नाहीत. ओपनव्हीपीएनचा सर्व्हर डीएनएसचे पत्ते पाठवतो, पण लिनक्सवर त्याच्या अनेक आवृत्त्या ते स्वतः लागू करत नाहीत. जोडणी होताना व तुटताना चालणाऱ्या स्क्रिप्टवर ते काम सोपवलेले असते, आणि ती स्क्रिप्ट रचनेत नमूद केलेली नसेल तर पत्ते वाया जातात. वायरगार्डचे 'डब्ल्यूजी-क्विक' हे साधन 'डीएनएस' ही ओळ आढळल्यास रिझॉल्व्हकॉन्फ ही आज्ञा शोधते. ती नसेल तर जोडणीच उभी राहत नाही. ओपनरिझॉल्व्ह बसवल्यास, अथवा रिझॉल्व्हडी असलेल्या यंत्रावर तिची याच नावाची सुसंगत आज्ञा उपलब्ध केल्यास, अडचण सुटते.

दुसरी दिशा अधिक गंभीर आहे, कारण तीत काहीच बंद पडत नाही. सारी वाहतूक व्हीपीएनमधून जाते, पण डीएनएसचे प्रश्न स्थानिक राउटरकडेच जात राहतात. कोणती संकेतस्थळे पाहिली जात आहेत हे मग नेटवर्क चालवणाऱ्याला कळत राहते. पत्रकार, वकील किंवा स्रोत गुप्त ठेवू पाहणारा कोणीही याच गळतीमुळे उघडा पडू शकतो. रिझॉल्व्हडीमध्ये मार्गदर्शक डोमेन दिलेले नसल्यास एकच प्रश्न सर्व पात्र जोडण्यांवर एकदम पाठवला जातो आणि प्रथम आलेले होकारार्थी उत्तर घेतले जाते. व्हीपीएनच्या जोडणीला '~.' हे डोमेन दिल्याने सर्व सामान्य प्रश्न तिच्याकडे वळतात. नेटवर्कमॅनेजरमध्ये 'डीएनएस-प्रायॉरिटी' ला ऋण संख्या दिल्यास तुलनेने कमी अग्रक्रमाच्या जोडण्यांचे सर्व्हर वगळले जातात.

'.लोकल' या शेवटाची नावे हा आणखी एक जुना सापळा. फेब्रुवारी २०१३ मधील आरएफसी ६७६२ ने हा शेवट एमडीएनएससाठी राखून ठेवला, म्हणजे अशा नावांचा शोध सर्व्हरकडे न जाता स्थानिक नेटवर्कवरच हाक देऊन घ्यावयाचा असतो. त्यापूर्वी अनेक कार्यालयांनी आपल्या विंडोज डोमेनला हेच नाव दिले होते. एनएसस्विचच्या ओळीत 'एमडीएनएस४_मिनिमल' या शब्दापुढे 'नॉटफाउंड=रिटर्न' अशी अट असेल, तर कोणी हाकेला ओ न दिल्यास शोध तेथेच संपतो आणि डीएनएस सर्व्हरला विचारलेच जात नाही. डिगला मात्र हेच नाव बिनतक्रार सापडते.

घड्याळ चुकल्यामुळेही नावे सापडेनाशी होतात. डीएनएसएसईसीच्या सह्यांना मुदत असते. संगणकाची तारीख मागे पडलेली असल्यास निर्दोष सहीही अवैध ठरते. जुन्या रास्पबेरी पाय संगणकांत वीज गेल्यावर वेळ राखणारे घड्याळ नसते. सुरू होताना तारीख चुकीची, म्हणून पडताळणी फसते. पडताळणी फसते म्हणून वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचे नाव सापडत नाही. ते सापडत नाही म्हणून तारीख चुकीचीच राहते. वेळेच्या एखाद्या सर्व्हरचा आयपी पत्ता थेट लिहून ठेवणे, हा त्यावरचा साधा तोडगा होय.

काही राउटर व फायरवॉल आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ पत्त्यांविषयी एकाच वेळी आलेल्या दोन प्रश्नांपैकी एकाचे उत्तर हरवतात. परिणाम पुन्हा तोच ५ सेकंदांचा विलंब. 'ऑप्शन्स' ओळीत 'सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन' लिहिल्यास प्रश्न वेगवेगळे जातात. सर्व्हर बदलल्यावरही एखादा दीर्घकाळ चालणारा प्रोग्रॅम जुन्यालाच विचारत राहिला, तर ग्लिबसीची आवृत्ती पाहावी. २०१७ च्या २.२६ या आवृत्तीपासून ती फाइल बदलल्याचे ओळखून नव्याने वाचते, त्याआधी मूळ ग्लिबसीमध्ये प्रोग्रॅम पुन्हा सुरू करावा लागे.

देवनागरीतील डोमेन नावांबाबत, उदाहरणार्थ '.भारत' ने संपणाऱ्या नावांबाबत, डिग व ब्राउझर यांची उत्तरे जुळली नाहीत तर तो सर्व्हरच्या नोंदीतील दोष समजू नये. डीएनएसवर असे नाव प्युनीकोड या रोमन अक्षरांच्या रूपांतरातच जाते आणि हे रूपांतर प्रश्न विचारणाऱ्या प्रोग्रॅमला करावे लागते. सर्वच साधने ते करत नाहीत.

कंटेनर व आभासी यंत्रे

कंटेनरला रिझॉल्व्ह.कॉन्फ यजमान संगणकाकडून मिळते, आणि १२७.०.०.५३ हा पत्ता कंटेनरच्या आत निरर्थक असतो, कारण तेथे तो कंटेनरलाच दर्शवतो. डॉकर म्हणूनच असे अंतर्गत पत्ते गाळतो. शिल्लक काहीच न राहिल्यास तो मूळ जाळ्यावर गूगलचे सार्वजनिक सर्व्हर वापरतो. ज्या कार्यालयात बाहेरील डीएनएस अडवलेले आहे, तेथे यजमान चालतो आणि कंटेनर चालत नाही, याचा उलगडा येथे होतो. वापरकर्त्याने निर्माण केलेल्या जाळ्यांवर डॉकर १२७.०.०.११ वर स्वतःचा सर्व्हर पुरवतो.

कुबरनेटीसमध्ये हाच पत्ता चुकून कोअरडीएनएसपर्यंत पोहोचल्यास ती सेवा स्वतःलाच प्रश्न विचारत राहते; तिचा 'लूप' हा भाग असे चक्र ओळखून सेवा थांबवतो. क्यूबलेटला '/रन' मधील खऱ्या सर्व्हरांची फाइल दाखवून देणे, हा त्यावरचा उपाय. कुबरनेटीस आपल्या पॉडमध्ये 'एनडॉट्स' चे मूल्य ५ ठेवते. परिणामी पाचपेक्षा कमी टिंबे असलेले प्रत्येक बाहेरचे नाव आधी शोधयादीतील सर्व डोमेनांना जोडून विचारले जाते आणि डीएनएसवरील भार कित्येक पटींनी वाढतो. नावाच्या शेवटी एक टिंब दिल्यास हा वळसा टळतो.

विंडोजमधील डब्ल्यूएसएल ही व्यवस्था प्रत्येक वेळी सुरू होताना रिझॉल्व्ह.कॉन्फ स्वतः तयार करते. विंडोजवर व्हीपीएन जोडल्यानंतर आतील लिनक्सला नावे सापडेनाशी होणे ही तिची जुनी तक्रार आहे. 'डब्ल्यूएसएल.कॉन्फ' मधील 'नेटवर्क' विभागात 'जनरेटरिझॉल्व्हकॉन्फ' ला 'फॉल्स' हे मूल्य दिल्यास ही स्वयंचलित नोंद बंद होते. त्यानंतर आधीचा दुवा काढून तेथे साधी फाइल ठेवावी लागते.

अल्पाइन लिनक्समध्ये ग्लिबसीऐवजी मसल हे ग्रंथालय असते व ते यादीतील सर्व सर्व्हरांना एकाच वेळी विचारून प्रथम आलेले उत्तर घेते. अंतर्गत आणि बाहेरचा असे भिन्न उत्तरे देणारे सर्व्हर एकत्र लिहिले असतील, तर येथे निकाल वेगाच्या शर्यतीवर ठरतो. २०२३ मधील १.२.४ या आवृत्तीपूर्वी मसल टीसीपीवरून प्रश्न विचारत नसे, त्यामुळे यूडीपीच्या एका उत्तरात न मावणाऱ्या नोंदी तिला अपुऱ्या मिळत. त्याच फाइलने चालणारा उबुंटूचा कंटेनर आणि न चालणारा अल्पाइनचा कंटेनर शेजारी शेजारी दिसल्यास, आधी हा फरक तपासावा.